दादा कुठे उभा आहे?

सुलभाताई साळवे यांच्याकडे गप्पा रंगलेल्या असताना पाणी प्यायला उठायचं, तर जपून उठावं लागे. बोलता बोलता त्यांनी समोरच्या मोकळ्या जागेत कुणाला तरी बसवलेलं असे. "आमचे डायरेक्टर इथे," म्हणून त्या टीपॉयच्या डावीकडे बोट दाखवत, "आणि त्यांच्या मिसेस इथे," म्हणून उजवीकडे. मग पुढचा सगळा किस्सा त्या दोन जागांकडे बघत सांगत. नाव पुन्हा घेत नसत. मी मध्येच उठून डाव्या बाजूने गेले की म्हणत, "अहो ज्योतीताई, डायरेक्टरांच्या अंगावरून गेलात की!"

ही सवय त्यांना खुणांच्या भाषेची. त्या भाषेत माणसाला आधी जागा द्यावी लागते, मगच तो बोलायला-चालायला लागतो. सुलभाताई केंद्र सरकारच्या एका संस्थेत दुभाषी होत्या. ऐकणाऱ्यांचं बोलणं हातांनी सांगायचं आणि न ऐकणाऱ्यांच्या हातांतलं बोलणं तोंडाने सांगायचं, हे त्यांचं काम. पण ती भाषा त्या नोकरीसाठी शिकलेल्या नव्हत्या. त्यांची आई जन्मापासून बहिरी. नगरकडच्या एका खेड्यात मायलेकींनी आपापसांत हातांची भाषा तयार केली होती. मराठी सुलभाताई त्यानंतर शिकल्या, शेजारच्या बायकांच्या तोंडून.

"सगळ्यांची मातृभाषा मराठी असते," त्या म्हणत. "माझी मराठी ही शेजारभाषा."

आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाने एकदा कार्यक्रमाच्या निमंत्रणात 'मूकबधिर बंधुभगिनींना आग्रहाचे आमंत्रण' असं लिहिलं होतं. सुलभाताईंनी ते वाचलं आणि अध्यक्ष अनुराधाताईंना फोन केला. "'बधिर' ठेवा. 'मूक' तेवढं काढा. मूक कोण आहे? आमच्या आईला एकदा गप्प बसवून दाखवा बरं!"

ते मात्र कुणालाच जमलं नसतं. त्यांची आई म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी, ऐंशीच्या घरातल्या, वाळलेल्या शेंगेसारख्या बारीक. लक्ष्मीबाई नगरातल्या तळमजल्याच्या क्वार्टरच्या खिडकीत बसून त्या अख्खा ब्लॉक वाचत असत. कुणाचं घरात बिनसलंय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण ऑफिसात बोलणी खाऊन आलंय, हे त्यांना माणूस फाटकातून आत येताना कळे. आल्यागेल्याला त्या आपल्या पद्धतीचं नाव ठेवत. माझं नाव होतं, खांद्यावरची ओढणी वर ओढणं. मी दिवसातून इतक्या वेळा ओढणी सावरते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमची क्वार्टर समोरासमोर. माझे यजमान कृषी मंत्रालयात, मी एका सरकारी शाळेत शिक्षिका. आम्ही दोघी शनिवारी बाजाराला जात असू. एकदा मंडळाच्या कार्यक्रमासाठी जरीचे काठ घ्यायला करोल बागला गेलो होतो. परतताना मेट्रोच्या फलाटावर उभ्या होतो, तर समोरच्या फलाटावरची एक मुलगी आणि आमच्या बाजूचा एक मुलगा रुळांवरून हातांनी बोलत होते. मधे केवढा गोंगाट, आणि त्या दोघांचं निवांत चाललेलं. मी सुलभाताईंना कोपर मारलं. "काय म्हणताहेत?"

त्यांनी तोंड फिरवून भिंतीवरच्या जाहिरातीकडे करून घेतलं. "मी बघत नाहीये. खासगी आहे त्यांचं. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा मी कान लावते का?"

मी ओशाळले. गाडी आली, आम्ही चढलो, बसायला जागाही मिळाली. दोन स्टेशनं गेल्यावर त्या माझ्या कानाशी वाकल्या. "एवढंच सांगते. मुलगी हुशार आहे. त्याला हो म्हणायची घाई करत नाहीये."

अशा या बाई. चहाडी त्यांना चालत नसे आणि उत्सुकता तर आवरत नसे. मंडळात कुणी "लोक काय काय बोलतात हो" असं सुरू केलं, की त्या तीन प्रश्न विचारत. "कोण? कुणाला? कुठे बघून?" पहिल्या दोन प्रश्नांनाच बहुतेक अफवा आडव्या होत. तिसऱ्याला कुणी उरत नसे.

त्यांच्या कामाची मला फारशी कल्पना नव्हती. एकदा त्या दुपारीच घरी आल्या आणि पायरीवरच बसून राहिल्या. मी चहा घेऊन गेले. त्या दिवशी त्यांना एका इस्पितळात बोलावलं होतं. एका बहिऱ्या बाईचं मूल पोटातच गेलं होतं, आणि ती डॉक्टरांशी जे बोलली ते सुलभाताईंनी बोलून सांगितलं होतं. दुभाष्याने "ती म्हणते" असं म्हणायचं नसतं. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं.

"त्यामुळे मी म्हणाले, माझं बाळ मला एकदा बघू द्या," सुलभाताई म्हणाल्या. "डॉक्टर माझ्याकडे बघून मान हलवत होते. दिवसभर दुसऱ्यांचं 'मी' बोलायचं, ज्योतीताई. घरी आलं की स्वतःचं 'मी' म्हणायला जीभच वळत नाही."

मग त्यांनी चहा घेतला आणि आलं कुठून आणलं ते विचारलं.

आता एका गाण्याविषयी. 'दादा रुसला' हे गाणं मी कळायला लागल्यापासून ऐकत आले आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ते होतं, लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांकडे होतं, टीव्हीवरच्या स्पर्धांत होतं. कुणी त्यात ढोल घातला, कुणी गिटार, कुणी मध्येच रॅप घातलं. भाऊ बहिणीच्या सासरी आलाय, कशावरून तरी रुसलाय, आणि बहीण त्याला मनवतेय, एवढीच गोष्ट. नाचताना बायका गाल फुगवून दादासारखा चेहरा करतात, आणि हशा ठरलेला.

आला गं दादा, आला गं दारी,
आला गं बाई, भर दुपारी.
पाणी दिलं घेईना, पाट दिला बसेना,
दादा माझा रुसला गं, बोलता बोलेना.

नदीला गं पूर, नावाडी गं दूर,
कोरडं धोतर, कोरड्या वहाणा.
कुत्रं काही भुंकेना, गाय काही हंबरेना,
दादा माझा रुसला गं, बोलता बोलेना.

सासूबाई पुसती, कुणाशी गं बोलशी,
नणंद हसती, कुणाला वाढशी.
ताट मी मांडलं, हात काही लावेना,
दादा माझा रुसला गं, बोलता बोलेना.

पुढल्या पंचमीला येशील का रे,
उंबरा ओलांडून बसशील का रे?

गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात हेच गाणं शेवटी घ्यायचं ठरलं. जागा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहाचं सभागृह. गाणं बसवणारा तन्मय, मूळचा पुण्याचा, गुरुग्रामला एका आयटी कंपनीत. शनिवार-रविवारी कीबोर्ड गाडीत टाकून यायचा. गाणाऱ्या आम्ही दहाबारा जणी. त्या वर्षी ऐकू न येणारी काही मराठी कुटुंबंही येणार होती, म्हणून सुलभाताईंनी कडेला उभं राहून सगळा कार्यक्रम हातांनी सांगायचा होता. भाषणं आणि नाटुकलं त्यांनी एकदाच ऐकून बाजूला ठेवलं. गाण्यासाठी मात्र त्या आमच्या तालमीला आल्या. तालीम माझ्याच घरी होती.

आम्ही गाणं म्हटलं. गाल फुगवले. तन्मय खूश. "मस्त यार मावशी, एकदम हिट आहे हे."

सुलभाताईंनी हात वर केला. "एक विचारू? दादा कुठे उभा आहे?"

तन्मयने आमच्याकडे बघितलं. "म्हणजे स्टेजवर?"

"नाही. गाण्यात. मला त्याला कुठेतरी उभं करावं लागेल ना. दारात आहे की आत आलाय?"

"दारी आला म्हणजे दारात," मी म्हटलं.

"बरं. दारात." त्यांनी माझ्या बैठकीच्या दाराकडे हात केला आणि दादाला तिथे ठेवलं. "बहीण त्याच्या समोर. ती पाणी देतेय. तो घेत नाही म्हणजे काय करतो? हात मागे घेतो? मान फिरवतो?"

"रुसलाय ना, मान फिरवतो," कुणीतरी म्हणालं.

"तसं गाण्यात कुठे आहे? घेईना, बसेना, बोलेना. तो काय करत नाही एवढंच आहे. काय करतो ते एकदाही नाही." त्या बोलत होत्या माझ्याशी, पण नजर दाराकडे होती. "आणि नदीला पूर आलाय, नाव नाही. मग याचं धोतर कोरडं कसं?"

"मावशी, फोकसाँग आहे," तन्मय हसला. "लॉजिक नसतं त्यात."

"असेल. पण कुत्रंही भुंकत नाही. आता सासू घ्या. सासू घरात आहे ना? इथे." त्यांनी सासूला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं, आणि त्याच वेळी त्यांचा हात थांबला. त्यांनी एकदा त्या दाराकडे बघितलं, एकदा बाहेरच्या दाराकडे. मधे काहीच नव्हतं. "इथून तर दार सरळ दिसतं. मग ती असं का विचारते, की कुणाशी बोलतेस?"

हे शब्द मी शेकडो वेळा म्हटले असतील. सासू खोचक असते, चौकशा करते, म्हणून तिने विचारलं, असंच मी धरून चालले होते. सासूला तो दिसतच नसेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"म्हणजे... दादा नाहीच आहे तिथे?" तन्मय हळूच म्हणाला.

"मला माहीत नाही," सुलभाताई म्हणाल्या. "मी उद्या येते." आणि चपला घालून गेल्या. जाताना बाहेरच्या दारातून सरळ न जाता जरा अंग चोरून, बाजूने गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला बोलावलं. आजी पलंगावर बसल्या होत्या. "आईला दाखवून बघते," सुलभाताई म्हणाल्या. "तिने हे गाणं जन्मात ऐकलेलं नाही. तिच्या डोक्यात चाल नाही, त्यामुळे ती फसायची नाही."

त्या आईसमोर उभ्या राहिल्या. गावाकडच्या त्यांच्या खुणांत त्यांनी पूर दाखवला, दुपार दाखवली, दारातला भाऊ दाखवला. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. आजी लक्ष देऊन बघत होत्या. सासूने विचारलं, "कुणाशी बोलतेस?" तशी आजींनी हात उचलून लेकीला थांबवलं. दाराच्या जागेकडे बोट केलं आणि तळहात उताणा करून हळूच पालथा घातला.

तो गेला, ही खूण मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मग आजींचे हात भराभर चालू लागले. सुलभाताई माझ्यासाठी बोलून सांगत होत्या, अर्थात 'मी' म्हणून. "मी हे गाणं बघितलंय. पंचमीला वाडीतल्या बायका फेर धरून असे गाल करायच्या. मला वाटायचं, हे दाढदुखीचं गाणं आहे."

सुलभाताईंना हसू आवरेना. त्या हसत होत्या आणि आजी त्यांच्या हातावर चापट मारत होत्या, की पुढचं सांग.

"पण एक म्हातारी होती. विहिरीजवळच्या घरातली. ती फेरात यायची नाही. आपल्या दारात बसून म्हणायची. ओठ तेच हलायचे, म्हणजे गाणं तेच. ती गाल फुगवायची नाही. बाहेर रस्त्याकडे बघायची. मला वाटायचं, हिची दाढ बरी झाली असेल."

आजी थांबल्या. मग त्यांनी अगदी सावकाश एक वाक्य केलं. सुलभाताई म्हणाल्या, "ती रुसला म्हणते, कारण रुसलेला माणूस परत येतो."

खरं काय ते कोण सांगणार? गाणं कुणी रचलं, कुणासाठी, कुणालाच ठाऊक नाही. पण त्यानंतर मला ते दुसऱ्या कुठल्या रीतीने ऐकताच येईना. भाऊ तिला न्यायला निघाला होता, नदीला पूर होता, नाव नव्हती. पुढचं ती बाई बोलतच नाही. घरातले विचारताहेत, नणंद हसतेय, आणि ही ताट वाढून उंबऱ्याशी बोलतेय.

मंडळात मी हे सांगितलं, तर अनुराधाताई चक्रावल्या. "अहो, लोक शेवटी नाचून घरी जातात. शोकसभा करायची का? आणि आयत्या वेळी बदलायचं कसं?"

तन्मयही पेचात पडला होता. "मावशी, गोष्ट जबरदस्त आहे, पण व्हाइब पूरी बदलते यार."

मला वाटलं, सुलभाताई वाद घालतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही काही बदलू नका. जसं बसवलंय तसंच गा. मी दादाला तो जिथे आहे तिथे ठेवते, एवढंच."

"पण मग तुमचं एक आणि आमचं एक, असं नाही का होणार?" अनुराधाताईंनी विचारलं.

"होईल थोडं. पण अनुराधाताई, त्या बाईचं 'मी' मला बोलायचंय. तिला काय झालंय ते माहीत असून मी गाल कसे फुगवू?"

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. डावीकडच्या पुढच्या रांगांत ऐकू न येणारी कुटुंबं बसली होती, त्यांच्यात आजी, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. सुलभाताई काळा कुर्ता घालून मंचाच्या कोपऱ्यात उभ्या. त्यांना माइक नको होता, फक्त हातांवर दिवा हवा होता.

आम्ही गायला लागलो. ठेका दणदणीत, पहिल्याच ओळीला टाळ्या. मी त्या बाजूच्या टोकाला होते, त्यामुळे मला सुलभाताई दिसत होत्या. त्यांनी दादाला आमच्या आणि प्रेक्षकांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं केलं होतं. तांब्या पुढे करून त्या थांबल्या, आणि घ्यायला कुणी येईना. हात हळूहळू खाली आला. डावीकडच्या रांगा निश्चल झाल्या होत्या. उजवीकडे लोक खुर्चीत डोलत होते.

तिसऱ्या कडव्याला सासू आली. सुलभाताई आधी सासू झाल्या, दाराकडे बघितलं, तिथे काही दिसलं नाही, आणि विचारलं. मग वळून त्या पुन्हा बहीण झाल्या. त्यांचा चेहरा मी बघितला आणि माझे गाल फुगेचनात. आवाज चिरकला. माझ्या शेजारचीने का म्हणून तिकडे बघितलं, तर तिचाही सूर खाली आला. एकेक करून आमचं नाचणं बंद पडलं. तन्मयने मान वर केली, आमच्याकडे बघितलं, सुलभाताईंकडे बघितलं, आणि ठेक्याचं बटण बंद केलं.

शेवटचं कडवं नुसत्या आवाजात झालं. येशील का रे, बसशील का रे. मागे कुणीतरी अजून टाळ्यांचा ताल धरून होतं, तोही थांबला. गाणं संपल्यावर डावीकडचे सगळे हात वर गेले आणि हवेत थरथरू लागले. ती त्यांची टाळी. उजवीकडच्या लोकांनी ते बघितलं आणि त्यांतल्या काहींनी, जरा अवघडत, तसेच हात वर केले.

सगळ्यांना कळलं, असं मी म्हणणार नाही. बाहेर वडापावच्या रांगेत एका गृहस्थांनी तन्मयला विचारलं, "ट्रॅक बंद पडला वाटतं? अरे, बॅकअप ठेवायचा." अनुराधाताई आठवडाभर माझ्याशी बेताने बोलत होत्या. पण नंतर एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काल भाच्याच्या लग्नात ते गाणं लागलं हो. मी उठलेच नाही नाचायला. बसून राहिले. लोकांना वाटलं, माझे गुडघे दुखताहेत."

आजींचा अभिप्राय त्याच संध्याकाळी गाडीत मिळाला होता. त्यांनी लेकीला चांगलंच फैलावर घेतलं. ताट फार लांब मांडलं म्हणे. भाऊ उंबऱ्याच्या बाहेर आहे, तर ताट उंबऱ्याशी हवं, हात पुरेल असं. सुलभाताई मान खाली घालून ऐकत होत्या. "बरोबर आहे तिचं," त्या मला म्हणाल्या. "चुकलं माझं."

या हिवाळ्यात सुलभाताई निवृत्त झाल्या. क्वार्टर सोडून दोघी नगरला जायच्या होत्या. निघण्याच्या दोन दिवस आधी मी त्यांच्यासाठी लाडू घेऊन गेले. दार उघडंच होतं. सामान बांधून झालेलं, भिंती उघड्या. मागच्या अंगणात उन्हाचा एक पट्टा आला होता, तिथे आजी पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे स्टुलावर बसून सुलभाताई त्यांच्या केसांना तेल लावत होत्या. पाठ माझ्याकडे नव्हती, पण मान खाली होती, त्यामुळे मी आल्याचं त्यांना दिसलं नाही.

त्या गात होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. 'दादा रुसला'च, सावकाश, ठेक्याशिवाय. सूर एकही जागेवर लागत नव्हता.

आजींनी मला बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच मागे खूण केली आणि मांडीवर हात ठेवून, लेकीला दिसणार नाही अशा बेताने मला विचारलं, हिचं मागे काय चाललंय? लेकीची बोटं डोक्यावर होती, त्यांतून काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचत असावं.

मला येत होत्या तेवढ्या मोडक्यातोडक्या खुणांत मी सांगितलं, गातेय.

आजींनी भुवया वर केल्या. कशी?

मी नाक मुरडून हात हलवला. वाईट.

आजी हसायला लागल्या. सगळं अंग हलवून, आवाज न करता. केसांचा पेड सुलभाताईंच्या हातातून सुटला. त्यांनी तो पुन्हा धरला, आईचं डोकं दोन्ही हातांनी सरळ केलं आणि मान वर न करता पुढची ओळ म्हणायला घेतली.